स्क्रू आवळला की अ‍ॅव्हरेज वाढतं का?

गेल्या दिवाळीत मामांकडे गेले होते. फराळाची ताटली हातात देतादेताच त्यांनी प्रश्न टाकला, "अगं, तू इंजिनावरच पीएचडी करतेस ना? मग मला एक सांग. माझी गाडी वर महाबळेश्वरात शहाण्या मुलासारखी चालते आणि खाली पोलादपुरात आली की रुसते. असं कसं?"

मामा पाव, खारी, टोस्ट पोचवायचं काम करतात. पहाटे गाडीला ट्रे बांधायचे, आंबेनळी घाटातल्या वाड्यांना माल टाकत टाकत महाबळेश्वर गाठायचं आणि दुपारच्या आत खाली यायचं. गाडी २००९ सालची, शंभर सीसी, कार्बोरेटरवाली. चार महिन्यांपूर्वी एका गॅरेजवाल्याने "अ‍ॅव्हरेज वाढवून देतो" म्हणत कार्बोरेटरचा एक स्क्रू आवळून दिला होता. तेव्हापासून पहाटे गाडी चोक दिल्याशिवाय उठत नव्हती, उतारावर सायलेन्सरमधून फटाके वाजत होते आणि पावसाळ्यात दोनदा धुक्यात, वळणावर क्लच दाबला तशी गाडी बंदच पडली. या जुन्या गाड्यांचा हेडलाइट चालत्या इंजिनावर लागतो, बॅटरीवर नाही. म्हणजे इंजिन गेलं की दिवाही गेला. पुढे दरी, मागे पावाचे ट्रे.

मला काळजी वाटली ती त्या वळणाची. पण कोडं सुटलं ते मामांच्या पहिल्या वाक्यामुळे. कार्बोरेटरवाली गाडी उंचावर गेली की खरं तर बिघडायला हवी. मामांची सुधारत होती! हे का, हे समजून घेतलं तर तुमच्या गाडीच्या त्या छोट्याशा स्क्रूबद्दलच्या बऱ्याच समजुती तपासून घेता येतील. तर चला.

एक लिटर पेट्रोलला हवा किती लागते?

मी मूळची रसायनशास्त्राची, म्हणून सुरुवात समीकरणाने करते. घाबरू नका, एकच आहे. पेट्रोल म्हणजे अनेक हायड्रोकार्बनांचं मिश्रण. त्यांचा प्रतिनिधी म्हणून ऑक्टेन घेऊ. त्याच्या एका रेणूत आठ कार्बन आणि अठरा हायड्रोजन असतात. सगळ्या कार्बनचा कार्बन डायऑक्साइड आणि सगळ्या हायड्रोजनचं पाणी करायचं, तर अशा दोन रेणूंना ऑक्सिजनचे पंचवीस रेणू लागतात. हवेत वजनाने साधारण २३ टक्केच ऑक्सिजन असतो, हे धरून हिशेब केला की एक किलो ऑक्टेनला साधारण १५ किलो हवा लागते. पंपावरच्या पेट्रोलमध्ये बेंझिनच्या कुटुंबातले, कमी हायड्रोजनवाले रेणूही असतात, त्यामुळे आकडा थोडा खाली येतो : १४.७. इंजिनाबद्दल काहीही वाचायला घेतलं की हा १४.७ तुम्हाला भेटणारच.

वजनात सांगितलं की अंदाज येत नाही, म्हणून आकारमानात सांगते. एक लिटर पेट्रोल पूर्ण जाळायला नऊ हजार लिटरच्या वर हवा लागते. दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली घ्या. त्या खोलीतली सगळी हवा साधारण तीन लिटर पेट्रोलमध्ये संपते. आपण म्हणतो "गाडी पेट्रोल पिते". खरं तर ती हवा पिते, पेट्रोल तोंडी लावायला असतं.

आता प्रत्यक्ष मिळालेली हवा भागिले लागणारी हवा, या गुणोत्तराला आम्ही लॅम्डा म्हणतो. लॅम्डा १ म्हणजे हिशेब चोख. १ पेक्षा कमी म्हणजे पेट्रोल जास्त, याला रिच म्हणतात. १ पेक्षा जास्त म्हणजे हवा जास्त, म्हणजे लीन. गॅरेजमध्येही हेच शब्द चालतात, तेव्हा इथेही तेच वापरू.

"बरोबर" मिश्रण एक नसतंच

साहजिक वाटतं की लॅम्डा १ हेच बरोबर, बाकी सगळं चूक. तसं नाही. बरोबर कशासाठी, ते आधी ठरवावं लागतं.

लग्नातली पंगत डोळ्यासमोर आणा. मांडलेली पानं म्हणजे हवा, जेवायला आलेले पाहुणे म्हणजे पेट्रोल. इंजिनात जागा ठरलेली, त्यामुळे पानं मोजकीच मांडता येतात. तुम्हाला एकाच पंगतीत जास्तीत जास्त माणसं जेवून उठायला हवी असतील, तर एकही पान रिकामं राहता कामा नये. गर्दीत कुणी कुठे, कुणी कुठे रेंगाळतं, म्हणून पानांपेक्षा थोडे जास्तच पाहुणे आत सोडायचे. चारदोन जण उपाशी परत जातील, पण पान वाया जाणार नाही. ही झाली ताकदीची रीत. इंजिनाला सर्वांत जास्त ताकद मिळते ती लॅम्डा ०.८५ ते ०.९ च्या आसपास. पेट्रोलची ज्योत सगळ्यात वेगाने पसरते तीही साधारण याच पट्ट्यात.

उलट, आलेला एकही पाहुणा उपाशी जाऊ नये, असं ठरवलं तर पाहुण्यांपेक्षा पानं जास्त मांडायची. काही रिकामी राहतील, हरकत नाही. ही झाली अ‍ॅव्हरेजची रीत. पेट्रोलचा थेंबन् थेंब जळावा म्हणून हवा थोडी जास्त : लॅम्डा १.०५ ते १.१.

मग अजून लीन करत गेलं तर अ‍ॅव्हरेज वाढतच जाईल का? नाही. पानं फार आणि पाहुणे विरळ झाले की वाढपी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पोचेपर्यंत वेळ जातो. ज्योतीचंही तसंच होतं. ती मंदावते, सिलिंडरच्या कडेपर्यंत पोचायच्या आत विझते, एखाद्या फेरीत पेटतच नाही. गॅरेजच्या भाषेत गाडी "मिसिंग मारते". न जळलेलं पेट्रोल तसंच सायलेन्सरमध्ये जातं, तिथल्या उष्णतेने पेटतं आणि फटाका वाजतो. म्हणजे पेट्रोल वाचवायला निघालो आणि ते न जाळताच बाहेर फेकलं.

यातून एक साधा हिशेब निघतो. समजा तुमची गाडी लॅम्डा ०.९ वर, म्हणजे चांगलीच रिच चालतेय. ती अगदी उत्तम जागी आणली तरी जेवढं पेट्रोल उगाच जास्त जात होतं तेवढंच वाचणार, फार तर त्यावर थोडं. म्हणजे दहा-बारा टक्के. ५५ चं अ‍ॅव्हरेज ६० होईल, ६२ होईल. नुसत्या स्क्रूवर ५५ चे ८० करून देतो म्हणणारा माणूस रसायनशास्त्राशी भांडतोय, हे लक्षात ठेवा.

तो स्क्रू नक्की करतो काय?

आता मुख्य मुद्दा. कार्बोरेटरचं तत्त्व सोपं आहे. हवेची वाट मध्ये अरुंद केली की तिथे हवेचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. त्या कमी दाबामुळे खालच्या वाटीतलं पेट्रोल बारीक छिद्रातून वर ओढलं जातं. छिद्र जेवढं, पेट्रोल तेवढं. या छिद्राला जेट म्हणतात.

पण एकाच छिद्रात सगळा कारभार उरकत नाही. गाडी नुसती उभी राहून भुरभुरतेय तेव्हा लागणारं पेट्रोल आणि पूर्ण रेस देऊन घाट चढतेय तेव्हा लागणारं पेट्रोल, यात फार अंतर आहे. म्हणून कार्बोरेटरमध्ये वेगवेगळ्या वाटा असतात आणि मूठ किती पिळली आहे त्यानुसार त्यांची पाळी येते. ढोबळमानाने असं :

- मूठ बंद ते साधारण एक अष्टमांश : पायलट जेट (ज्याला गॅरेजमध्ये स्लो जेट म्हणतात) आणि आपला तो मिक्श्चर स्क्रू.
- एक अष्टमांश ते पाव : स्लाइडच्या खालच्या बाजूचा तिरका काप.
- पाव ते पाऊण : स्लाइडला लटकणारी निमुळती सुई. तिच्या डोक्याशी खाचा असतात आणि एका खाचेत बारीक क्लिप बसवलेली असते.
- पाऊण ते पूर्ण : मेन जेट.

या हद्दी कुंपण घालून आखलेल्या नाहीत, एकमेकींत थोड्या मिसळतात. पण चित्र स्पष्ट आहे. स्क्रूचं राज्य मूठ बंद असताना किंवा जेमतेम उघडली असताना. तुमची गाडी रस्त्यावर चाळीस-पन्नासच्या वेगाने धावते तेव्हा पेट्रोलचा मोठा वाटा सुईच्या वाटेने येतो. घाट चढताना सुई आणि मेन जेट. म्हणजे जिथे पेट्रोल खर्च होतं, तिथे त्या स्क्रूला फारसं कुणी विचारतच नाही!

मामांच्या गाडीत तो स्क्रू आवळून काय मिळालं? चढावर बचत जवळजवळ शून्य. आणि उतारावर? उतारावर मूठ बंद. म्हणजे थेट स्क्रूचं राज्य. तिथे मिश्रण इतकं पातळ झालं की ज्योत धरेना. गिअरमध्ये असताना मागचं चाक इंजिनाला फिरवत ठेवायचं, म्हणून ते चालल्यासारखं वाटायचं (आणि फटाके वाजायचे). क्लच दाबला की तो आधार सुटायचा आणि इंजिन गप्प.

अ‍ॅव्हरेजसाठी आवळलेल्या स्क्रूने अ‍ॅव्हरेज दिलं नाही, फक्त वळणावरचा भरवसा काढून घेतला.

मग वर गेल्यावर गाडी का सुधारायची?

इथे घाट मदतीला येतो. पोलादपूर जवळजवळ समुद्रसपाटीला, महाबळेश्वर साधारण १३५० मीटर उंचीवर. तेवढ्या उंचीवर हवा सुमारे १२ टक्के विरळ असते. कार्बोरेटरला हवेचं वजन कळत नाही, त्याला फक्त दाबातला फरक कळतो. गणित केलं तर हवेचं पेट्रोलशी प्रमाण हवेच्या घनतेच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतं. १२ टक्के विरळ हवा म्हणजे मिश्रण साधारण ६ टक्के रिच. जेट तेच, स्क्रू तोच, कुणी हात लावला नाही, तरीही रिच.

म्हणूनच जुन्या गाड्या घेऊन लडाखला जाणारे सांगतात की वर गाडी धूर काढते, दम टाकते. खारदुंगला ५३५९ मीटरवर आहे. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या सहा दशांशापेक्षाही कमी. खाली १३.५ ला लावलेलं मिश्रण तिथे साधारण १०.३ वर येतं. पंगतीत पानं कमी आणि पाहुण्यांची झुंबड.

तेव्हा नीट लावलेली गाडी वर जाऊन थोडी बिघडते. वर जाऊन सुधारते ती गाडी खाली मुळात लीन असते. उंचीने दिलेल्या ६ टक्क्यांनी तिची तूट भरून निघते. मामा खाली उतरू लागले की हवा दाट होत जायची, मिश्रण पुन्हा पातळ आणि शेवटच्या वळणांवर रुसवा. डॉक्टरकडे जायच्या आधीच रोग्याने निदान सांगितलं होतं.

पण एवढी लीन झाली कशी? आता इथेनॉल

गॅरेजवाल्यावर सगळा दोष ढकलून मी मोकळी झाले असते, पण गोष्ट एवढीच नव्हती. मामांची गाडी २००९ ची आणि तिचे जेट त्या काळच्या पेट्रोलसाठी ठरवलेले. पंपावरचं पेट्रोल मात्र मधल्या काळात बदललं. २०२२ च्या जूनपर्यंत देशात सरासरी १० टक्के इथेनॉल मिसळणं साधलं, २०२३ पासून २० टक्केवालं इंधन पंपांवर येऊ लागलं आणि २०२५ पर्यंत ते जवळपास सगळीकडे पोचलं. त्यातलं काही इथेनॉल आपल्याच उसातून येतं, हे महाराष्ट्रात वेगळं सांगायला नको.

इथेनॉल हा पंगतीतला असा पाहुणा, जो घरून अर्धा डबा घेऊन येतो. त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, वजनाने जवळपास ३५ टक्के. त्यामुळे एक किलो इथेनॉलला १४.७ नव्हे, फक्त ९ किलो हवा पुरते. वीस टक्के मिश्रणाचा हिशेब केला तर चोख आकडा १४.७ वरून साधारण १३.५ वर येतो.

आता जेट तेच आहेत, त्यांतून इंधन जवळपास तेवढंच येतंय, हवाही तेवढीच. पण लागणारी हवा कमी झाली. म्हणजे आहे ती हवा जास्त झाली. परिणाम : मिश्रण आपोआप ७-८ टक्के लीन. नव्या गाड्यांना हे कळतं आणि त्या सुधारून घेतात (पुढे सांगते). कार्बोरेटरला कळत नाही.

मामांच्या गाडीवर दोन थर बसले होते. इंधनाने एक दिला आणि स्क्रूने दुसरा. इंधनाचा थर सगळ्या मुठीभर पसरलेला, स्क्रूचा फक्त बंद मुठीवर. आणि हो, इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जाही कमी असते. वीस टक्के मिश्रणात ती साधारण ६-७ टक्क्यांनी कमी भरते. त्यामुळे जुन्या गाडीचं अ‍ॅव्हरेज थोडं उतरणं साहजिक आहे. त्यावर उपाय म्हणून स्क्रू अजून आवळणं म्हणजे तापावर उपाय म्हणून थर्मामीटर फोडणं.

"लीन म्हणजे गरम" हे कितपत खरं?

हे वाक्य प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकू येतं. अर्धं खरं आहे. ज्वलनाचं तापमान सर्वांत जास्त असतं ते लॅम्डा १ च्या किंचित अलीकडे, रिच बाजूला. तिथून रिच करा, तापमान उतरतं. लीन करा, तरीही उतरतंच. मग इंजिन तापतं का? कारण हवेने थंड होणाऱ्या या छोट्या इंजिनांना कंपनी जास्त भाराला मुद्दाम रिच ठेवते. जास्तीचं पेट्रोल वाफ होताना उष्णता शोषून घेतं आणि इंजिनाला थंडावा देतं. अशा गाडीला तुम्ही लीन करू लागलात की ती शिखराच्या दिशेने सरकते, म्हणून तापते. शिखर ओलांडून पलीकडे गेलात तर तापमान उतरतं खरं, पण ज्योत इतकी सावकाश जळते की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हाही आत जाळ सुरूच असतो. मार बसतो तो व्हॉल्व्हला. भरल्या ट्रेंनिशी घाट चढणाऱ्या गाडीसाठी ही दोन्ही टोकं वाईटच.

घरी लावायचं असेल तर

हे फक्त कार्बोरेटरवाल्या गाड्यांसाठी. बऱ्याच गाड्यांत हा स्क्रू कंपनीने झाकून टाकलेला असतो. तसं असेल तर सील फोडू नका, सर्व्हिस सेंटरला जा.

आधी बाकीच्या गोष्टी. एअर फिल्टर स्वच्छ आहे का? तुंबलेला फिल्टर गाडी रिच करतो. टॅपेट बरोबर आहेत का? प्लग ठीक आहे का? कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधला रबरी जोड तडकलेला नाही ना? तिथून हवा शिरत असेल तर स्क्रू फिरवून उपयोग नाही. पायलट जेट अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक असतो, एक कण पुरतो बुजवायला. निम्म्या वेळा आजार इथेच सापडतो.

मग स्क्रू ओळखा. तो इंजिनाच्या बाजूला असेल तर बहुधा पेट्रोलमिश्रित हवेचा : आवळला की लीन, सोडला की रिच. फिल्टरच्या बाजूला असेल तर नुसत्या हवेचा : आवळला की रिच, सोडला की लीन. म्हणजे अगदी उलटं! "आवळला की पेट्रोल कमी" हे सरसकट समजणाऱ्यांची इथे फसगत होते.

१. गाडी दहा-पंधरा मिनिटं फिरवून आणा. थंड इंजिनावर केलेलं सेटिंग खोटं असतं.

२. मोकळ्या जागेत या. बंद गॅरेजमध्ये, घराच्या पडवीत अजिबात नको. रिच मिश्रणातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना वास ना रंग, आणि माणूस मारायला तो पुरेसा आहे.

३. इंजिन बंद करून स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत न्या, किती फेरे गेले ते मोजून लिहून ठेवा. जोर लावू नका, टोक वाकलं की कार्बोरेटर कामातून गेला. मग मॅन्युअलमध्ये दिलेले फेरे बाहेर काढा. मॅन्युअल नसेल तर दीडपासून सुरुवात करा.

४. इंजिन सुरू करून आयडलिंग थोडं वाढवा. स्क्रू पाव पाव फेरा फिरवा, दर वेळी पाच-सात सेकंद थांबा. एका जागी इंजिनाचा वेग सर्वांत जास्त आणि आवाज सर्वांत एकसारखा होतो. तीच जागा.

५. आता आयडलिंग मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणा. शंभर सीसीच्या गाड्यांना बहुधा १४०० च्या आसपास.

६. मूठ झटकन पिळून सोडा. वेग खाली यायला रेंगाळला, तर लीन. आयडलिंगच्याही खाली बुडी मारून वर आला, तर रिच.

आणि तुम्ही घाटात ये-जा करत असाल तर सेटिंग खाली करा, वर नाही. वर नीट लावलेली गाडी खाली लीन होते आणि खाली नीट लावलेली वर किंचित रिच. थोडं रिच परवडतं.

पीयूसीची पावती वाचा

माझ्या प्रयोगशाळेत लॅम्डा मोजायला महागडी यंत्रं आहेत. पण तुमच्या हातात दरवेळी एक मोजमाप फुकट पडतं आणि तुम्ही ते घडी घालून डिकीत टाकता. पीयूसीच्या पावतीवर सीओ आणि एचसी असे दोन आकडे असतात. सीओ हा रिचपणाचा मापक आहे. ऑक्सिजन अपुरा पडला की कार्बन अर्धवट जळतो आणि सीओ होतो. २००० नंतरच्या, पण बीएस-४ च्या आधीच्या दुचाकींना सीओची मर्यादा ३.५ टक्के आहे. लॅम्डाच्या भाषेत ते साधारण ०.९ च्या आसपास पडतं.

सीओ मर्यादेला टेकलाय : गाडी रिच. सीओ शून्याजवळ आणि एचसी चढलेला : पेट्रोल न जळताच बाहेर येतंय, गाडी लीन होऊन मिसिंग मारतेय. मामांच्या जुन्या पावतीवर अगदी हेच दिसत होतं. त्यांना वाटत होतं, सीओ कमी म्हणजे गाडी एकदम ठणठणीत. एक सावधगिरी मात्र : काही गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेत वेगळी ताजी हवा सोडलेली असते, काहींत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. तिथे हा आकडा मुळापेक्षा कमी दिसतो. आणि मापन आयडलिंगला होतं, म्हणजे पावती फक्त स्क्रूच्या राज्याबद्दल बोलते. सुई आणि मेन जेटबद्दल नाही.

नव्या गाडीवाल्यांसाठी दोन ओळी

एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि बहुतेक नव्या मोटरसायकलींतून कार्बोरेटर गेला. आता सायलेन्सरच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर बसतो. मिश्रण लॅम्डा १ च्या कुठल्या बाजूला आहे ते तो सांगतो आणि संगणक इंजेक्टर किती वेळ उघडायचा ते सतत बदलत राहतो. इथेनॉल वाढलं, घाट चढला, तो आपला आपण जुळवून घेतो. तिथे आवळायला स्क्रूच नाही, आणि हे बरंच झालं.

मामांच्या गाडीचं काय झालं?

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पोलादपुरातच बसलो. पायलट जेट साफ केला, स्क्रू सव्वा फेरा सोडला, आयडलिंग लावलं. इथेनॉलचा थर फेडायला सुईची क्लिप एक खाच खाली आणली. त्याने सुई वर उचलली जाते आणि मधल्या मुठीला पेट्रोल थोडं जास्त मिळतं. रबरी नळ्या कडक झाल्या होत्या, त्या बदलल्या. जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही, तेव्हा तुमच्याही एकदा बघून घ्या.

पंधरा दिवसांनी फोन केला. "फटाके बंद," मामा म्हणाले. "वळणावर क्लच दाबला तरी चालू राहते."

"आणि अ‍ॅव्हरेज?"

"तेवढंच आहे गं. आधी होतं तेवढंच."

मी हसले. चार महिने ज्या बचतीपायी ते जीव मुठीत धरून घाट उतरत होते, ती बचत झालेलीच नव्हती. अ‍ॅव्हरेज हवं असेल तर टायरमध्ये हवा बघा, चेनला ऑइल घाला, ब्रेक चाकाला घासत नाहीत ना ते पाहा आणि मूठ अलगद पिळा. तो स्क्रू इंजिन शांतपणे चालू राहावं यासाठी आहे. त्याला तेवढंच काम करू द्या.